हायड्रोजन डिस्पेन्सर भरताभरता मधेच थांबतोय? कॉम्प्रेसर उघडायच्या आधी हे बघून घ्या

डिस्पेन्सर म्हणजे स्टेशनवर गाडीत हायड्रोजन भरणारं मशीन. आधी लक्षणं सांगतो. तुमच्याकडे यातलं नेमकं काय होतंय ते ठरवा, कारण नुसतं "भरत नाहीये" म्हटलं तर कोणालाच काही कळत नाही.

- नॉझल बसलं, लॉक झालं, स्टार्ट दाबलं, गॅसचा एक छोटा झटका गेला आणि लगेच लीक टेस्ट फेल.
- भरायला लागतं पण अर्ध्या मिनिटाच्या आसपास थांबतं. तीच गाडी पुन्हा लावली की बऱ्याचदा नीट भरते.
- साठ-सत्तर टक्क्यांपर्यंत छान जातं आणि मग अचानक बंद.
- शेवटपर्यंत जातं, स्क्रीन म्हणते पूर्ण झालं, पण गाडीचा काटा नव्वद टक्क्यांच्या खालीच.
- पहिल्या गाडीला काही त्रास नाही, पाठोपाठ तिसरी-चौथी आली की रडायला लागतं.
- भरून झाल्यावर नॉझल गाडीलाच चिकटून बसतं, निघतच नाही.

आणि एक लक्षण जे फॉल्ट नाहीच: भरताना मधे काही सेकंद फ्लो थांबतो आणि परत सुरू होतो. बऱ्याच स्टेशनांवर डिस्पेन्सर मुद्दाम थांबून गळती तपासतो, किंवा एका बँकेवरून (म्हणजे साठवणीच्या टाक्यांच्या एका गटावरून; लो, मीडियम, हाय असे वेगवेगळ्या दाबाचे गट असतात) दुसऱ्या बँकेवर जातो. त्यासाठी कोणाला फोन करू नका, मला तर अजिबात नको.

मी हाच एक फॉल्ट इतक्या वेळा काढलाय की आता फोनवर पहिली दोन वाक्यं ऐकली तरी अंदाज येतो. समोरचा म्हणतो कॉम्प्रेसर गेला. निम्म्याहून जास्त वेळा कॉम्प्रेसर ठणठणीत असतो, आणि सापडते ती धुळीने भरलेली चिलरची (गॅस थंड करणाऱ्या मशीनची) जाळी, नाहीतर नॉझलची मळलेली काच.

मशीन का थांबतं, हे आधी समजून घ्या

डिस्पेन्सर थांबतो तेव्हा तो बहुतेक वेळा बिघडलेला नसतो, त्याला काहीतरी आवडलेलं नसतं. ७०० बार दाबाच्या गाडीत हायड्रोजन भरताना टाकीतला आधीचा गॅस दाबला जातो आणि तापतो, त्यात हायड्रोजनचा उलटा स्वभाव असा की नेहमीच्या तापमानाला दाब कमी होताना बाकीचे बरेचसे गॅस थंड होतात आणि हा थोडा गरम होतो, आणि टाकी कार्बन फायबरची, आतून प्लास्टिकचं अस्तर, त्यामुळे उष्णता पटकन बाहेरही पडत नाही. टाकीतल्या गॅसची मर्यादा ८५ अंश सेल्सिअस. म्हणून गॅस आधीच मायनस ४० च्या आसपास थंड करून पाठवायचा, आणि दाब किती वेगाने वाढवायचा हे बाहेरचं तापमान आणि टाकीतला सुरुवातीचा दाब बघून ठरवायचं. हा सगळा हिशोब एसएई जे२६०१ या प्रोटोकॉलमध्ये (हायड्रोजन भरायच्या ठरलेल्या नियमांमध्ये) बांधून दिलाय. हिशोबातला एक आकडा जरी पट्टीबाहेर गेला तरी मशीन थांबतं, आणि त्याने थांबलंच पाहिजे.

म्हणजे आपलं काम मशीनला कसंही करून चालवायचं नाही, कोणता आकडा पट्टीबाहेर जातोय तो शोधायचं. रिसेट दाबत बसणं हा उपाय नाही. माझा नियम: एका गाडीला दोनदा प्रयत्न, तिसऱ्यांदा नाही.

१. लॉग आणि वही (फुकट)

अलार्म हिस्टरी उघडा आणि शेवटचे दहा-पंधरा फेल झालेले फिल (भरायचे प्रयत्न) बघा. प्रत्येकाची वेळ, बाहेरचं तापमान, सलग कितवी गाडी होती, कितव्या सेकंदाला थांबलं, आणि त्या क्षणी गॅसचं तापमान आणि दाब किती होता. एवढं कागदावर उतरवलं की अर्धा फॉल्ट तिथेच सापडतो. सगळे फेल दुपारचे आहेत? उष्णतेकडे बघा. सगळे पहाटेचे, पहिल्याच गाडीचे? लाईन गरम राहतेय. सगळ्या फेलमध्ये एकच गाडी? मग गाडी.

लोक हे करत नाहीत कारण कंटाळवाणं आहे, स्पॅनर हातात घेतला की काम केल्यासारखं वाटतं.

२. गाडी की स्टेशन

दुसरं नॉझल असेल तर तीच गाडी तिथे लावा, नाहीतर त्याच नॉझलला दुसरी गाडी. पाच मिनिटांचं काम आहे आणि पुढचे तीन दिवस वाचतात. गाडीचा टाकीतला टेंपरेचर सेन्सर चुकीचं वाचत असेल तर गाडी स्वतःच स्टेशनला 'थांब' सांगते, मग तुम्ही स्टेशनचं काहीही बदला. लॉगमध्ये गाडीकडून एबॉर्ट आला असं दिसलं तर स्टेशनला हात लावू नका, गाडी सर्व्हिसला पाठवा.

३. इन्फ्रारेडची काच (एक स्वच्छ कापड)

गाडी आणि डिस्पेन्सर एकमेकांशी बोलतात असं सगळे म्हणतात, खरं तर बोलते फक्त गाडी. तिच्या तोंडाशी इन्फ्रारेडचे छोटे दिवे असतात आणि नॉझलवर त्यांचा रिसीव्हर. टाकी किती लिटरची, आत दाब किती, तापमान किती, भरू की थांबवू, एवढंच ती सांगत राहते. मधल्या काचेवर धूळ, ग्रीस किंवा बर्फाचा पातळ थर आला की बोलणं तुटतं. मग काही स्टेशन लगेच थांबतात, काही संवादाशिवायच्या फिलवर जातात. त्यात टाकीत आत काय चाललंय हे स्टेशनला माहीत नसतं म्हणून ते जपून भरतं आणि लवकर थांबतं. "पूर्ण झालं पण काटा नव्वदच्या खाली" ही तक्रार आली की मी आधी हेच बघतो.

धागे न सुटणारं कोरडं कापड घ्या, नॉझलची काच पुसा, गाडीकडची बाजू पण पुसा. पाणी नाही, तेलकट क्लीनर नाही. पुसल्यावर संवाद तुटायचं प्रमाण लॉगमध्ये कमी झालं तर रोज सकाळच्या कामात हे टाकून द्या. कमी झालं नाही तर नॉझलमधली इन्फ्रारेडची वायर बघायला लागेल. होज (भरायची नळी) वाकते तिथे ती आतून तुटते आणि ते काम कंपनीच्या माणसाचं.

४. नॉझल, सील आणि बर्फ

मायनस ४० चा गॅस गेला की नॉझलचा धातू गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसून गोठते, आणि लॉकची यंत्रणा जाम होते. दमट हवेत आणि पाठोपाठ गाड्या असल्या की हे हमखास. उपाय साधा आहे पण कोणाला आवडत नाही: थांबा. गॅस बंद आहे आणि नॉझलमधला दाब उतरलाय हे स्क्रीनवर बघा आणि काही मिनिटं हात मागे ठेवा.

मी एकाला केटलीतलं गरम पाणी ओतताना पाहिलंय. नॉझल सुटलं, सगळे खूश, आणि पुढच्या गाडीला तेच पाणी आत जाऊन असं गोठलं की दिवसभर डिस्पेन्सर बंद. हीट गन, हेअर ड्रायर तर विचारही नको. हायड्रोजन पेटायला साधारण ०.०२ मिलिज्यूल एवढीच ऊर्जा पुरते, कपड्यांना घासून अंगावर साठलेल्या स्टॅटिकची ठिणगी त्याच्या कितीतरी पट असते, मग तापलेली कॉइल तर सोडूनच द्या. हातोडीने ठोकणं पण नाही.

बऱ्याच नॉझलना कोरड्या नायट्रोजनची किंवा कोरड्या हवेची फुंकर दिलेली असते, बर्फ साठू नये म्हणून. रोज चिकटत असेल तर ती लाईन चालू आहे का बघा. सिलेंडर रिकामा होऊन महिना झालेला असतो आणि कोणाच्या लक्षातच नसतं, असं एकदा नाही, चारदा सापडलंय.

लीक टेस्ट फेल असेल तर नॉझलचं तोंड आणि गाडीचं तोंड दोन्हीकडचे सील टॉर्चने नुसते बघा. चिरलंय, फुगलंय, कडेला वाळूचा कण बसलाय? जास्त दाबात रबरात हायड्रोजन मुरतो आणि दाब झटकन उतरला की आतून फोड येतात, फुगलेल्या सीलचं कारण बहुतेक हेच. कचरा असेल तर पुसा. सील खराब दिसलं तर नॉझल बंद ठेवा आणि कंपनीने दिलेलंच सील बसवून घ्या, मापात बसतंय म्हणून दुसऱ्या मटेरियलची ओ-रिंग टाकू नका, मायनस ४० ला ती काचेसारखी कडक होऊ शकते.

५. इन्स्ट्रुमेंट एअर

हे सगळ्यात जास्त विसरलं जातं. डिस्पेन्सरमधले बरेचसे व्हॉल्व्ह हवेच्या दाबावर उघडतात-मिटतात. हवेचा छोटा कॉम्प्रेसर दमला, रेग्युलेटर सरकला, किंवा फिल्टरच्या वाटीत पाणी साठलं तर व्हॉल्व्ह अर्धा सेकंद उशिरा उघडतो, दाब अपेक्षेप्रमाणे चढत नाही आणि कंट्रोलर म्हणतो काहीतरी चुकतंय, बंद. गेजवरचा दाब मशीनच्या मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळवा, फिल्टरची वाटी रिकामी करा, ड्रायर चालतोय का बघा. भरणं चालू असताना गेजकडे नजर ठेवा, नुसतं उभं असताना दाब बरोबर दिसतो आणि तीन व्हॉल्व्ह एकदम हलले की खाली बसतो.

६. बाहेरच्या तापमानाचा सेन्सर

यावर थोडा वेळ घालवतो कारण इथे दोन्ही बाजूंनी घोळ होतो.

बाहेर जितकं गरम तितका दाब हळू चढवायचा, असा हिशोब आहे. आता समजा सेन्सरवर थेट ऊन येतंय किंवा चिलरची गरम हवा येतेय. तो खऱ्यापेक्षा जास्त वाचतो, स्टेशन उगाच हळू भरतं, गिऱ्हाईक वैतागतं, पण धोका नाही. मला आठवतंय, एका ठिकाणी रोज दुपारी फिल हळू व्हायचे आणि त्यासाठी कॉम्प्रेसरची सर्व्हिस तीनदा झाली होती. चिलर बदलला तेव्हा नव्या चिलरच्या पंख्याचं तोंड नेमकं सेन्सरकडे आलेलं. कोणी वर मान करून बघितलंच नव्हतं.

उलटं झालं तर मात्र गंभीर आहे. सेन्सर खऱ्यापेक्षा कमी वाचत असेल तर स्टेशनला वाटतं हवा गार आहे, ते वेगाने भरतं आणि गाडीची टाकी ८५ च्या दिशेने पळते. मग गाडी ओरडते आणि भरणं थांबतं, तेही संवाद चालू असेल तर. साधा थर्मामीटर सावलीत टांगा, पंधरा मिनिटांनी स्क्रीनवरच्या आकड्याशी जुळवा. स्क्रीन जास्त दाखवतेय तर कळवा आणि जागा बदलून घ्या. स्क्रीन स्पष्ट कमी दाखवतेय तर त्या डिस्पेन्सरवर भरणं बंद, दुरुस्त होईपर्यंत.

७. प्री-कूलिंग

"अर्ध्या मिनिटाला थांबतं, पुन्हा लावलं की भरतं" याचं उत्तर इथे आहे. टी-४० वर्गाच्या डिस्पेन्सरला भरणं सुरू झाल्यापासून ३० सेकंदांत गॅस मायनस ३३ ते मायनस ४० च्या पट्टीत आणावा लागतो. चिलर नीट असला तरी हीट एक्स्चेंजरपासून (जिथे गॅस थंड होतो तिथपासून) नॉझलपर्यंतचा पाइप आणि होज बराच वेळ उभे राहून गरम झालेले असतात, पहिला गॅस ती उष्णता उचलत येतो आणि ३० सेकंद संपतात. दुसऱ्या प्रयत्नाला पाइप गार झालेला असतो म्हणून भरतं. म्हणजे पहिल्या गाडीने तुमचा पाइप गार करून दिला.

बघायचं काय: पाइपवरचं इन्सुलेशन कुठे फाटलंय, ओलं झालंय, कुठे बाहेरून बर्फ धरलाय. जिथे बर्फ दिसतो तिथे थंडी बाहेर गळतेय. मग चिलर. वीज बंद करून, लॉक लावून, कंडेन्सरच्या जाळीवरची धूळ मऊ ब्रशने काढा. पंखे सगळे फिरतायत का, कूलंटची पातळी बरोबर आहे का, सेट केलेलं तापमान आणि प्रत्यक्ष तापमान यात किती फरक आहे ते लिहून ठेवा.

तिसऱ्या-चौथ्या गाडीला रडत असेल तर आधी कागद बघा, स्टेशन सलग किती गाड्यांसाठी डिझाइन केलंय. दोनच गाड्यांसाठी असेल तर तिसरीला थांबणं हा फॉल्ट नाही, तुमची अपेक्षा जास्त आहे. पाचसाठी असेल आणि तिसऱ्यालाच दमत असेल तर चिलरची ताकद कमी झालीये, रेफ्रिजरंट कमी असू शकतं, आणि ते रेफ्रिजरेशनवाल्याचं काम आहे, आपलं नाही.

८. बँकांचे दाब

गॅस जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जातो, एवढं एकच तत्त्व. ७०० बारची गाडी भरताना दाब ८७५ बारपर्यंत जाऊ शकतो, तर हाय बँक त्याच्या वर असायलाच हवी. ती ८०० वर आली असेल तर शेवटचा भाग रांगत जाणार किंवा थांबणार, डिस्पेन्सर बिचारा काय करणार.

प्रत्येक फिलच्या सुरुवातीला लो, मीडियम, हाय तिन्हींचे दाब लिहा. मग रात्री, कॉम्प्रेसर बंद आणि गाडी नाही अशा वेळी एकदा आणि सकाळी एकदा. इथे एक सांभाळायचं: तापमान उतरलं की दाबही उतरतो. ९०० बारच्या बँकेत १० अंशांचा फरक म्हणजे ढोबळमानाने ३० बार. तेवढा उतरला तर घाबरू नका. त्याहून जास्त उतरला आणि मीडियम बँक चढली, तर मधला व्हॉल्व्ह बंद असूनही आतून गॅस सोडतोय, कॉम्प्रेसर रात्रंदिवस त्याचीच भरपाई करत बसलाय. हाय उतरली आणि बाकी कुठेच चढली नाही, तर गॅस बाहेर जातोय. तिथे तपास संपला, स्टेशन बंद.

याच्याच जवळची एक तक्रार: "भरून गेलो तेव्हा ७५० होतं, दोन तासांनी ७०० झालं, टाकी गळतेय." नाही गळत. गरम गॅस गार झाला. टाकी भरली का हे दाबावर नाही, घनतेवर ठरतं. १५ अंशांना ७०० बार म्हणजे लिटरला ४०.२ ग्रॅम, आणि ८५ अंशांना तेवढ्याच वजनाला ८७५ बार लागतात.

९. इथून पुढे हात लावायचा नाही

उच्च दाबाच्या लाईनवरचा फिल्टर, फ्लो मीटर, प्रेशर ट्रान्समीटर, फ्लो कंट्रोल व्हॉल्व्ह, होज, ब्रेकअवे (गाडीने होज ओढली तर आपोआप सुटणारा जोड), कॉम्प्रेसर. तुम्ही फक्त लक्षण टिपू शकता. उदाहरणार्थ बँकेत दाब भरपूर, थंडी बरोबर, तरी फ्लो महिनाभरात हळूहळू कमी होत आला तर फिल्टर चोंदल्याचा संशय. दोन ट्रान्समीटर एकाच जागेचा दाब वेगवेगळा सांगतायत तर एक खोटं बोलतोय, आणि कोणता ते कळेपर्यंत दोन्हीवर विश्वास नाही.

आणि गळणारी फिटिंग "जरा आवळून" बघायची नाही, कधीच नाही. २०१९ च्या जूनमध्ये नॉर्वेत ओस्लोजवळच्या स्टेशनवर स्फोट झाला, तपासात कारण निघालं ते उच्च दाबाच्या टाकीच्या प्लगची चुकीची जोडणी, बोल्ट नीट आवळलेले नव्हते. शिकलेल्या माणसांच्या हातून झालेलं हे, आणि आपण दाबाखालच्या फिटिंगला अंदाजाने स्पॅनर लावणार?

ताबडतोब थांबून माणूस बोलवायचं कधी

खालच्यातलं एक जरी झालं तरी इमर्जन्सी स्टॉप, लोकांना लांब करा, आणि मग फोन:

- गॅस डिटेक्टर किंवा फ्लेम डिटेक्टर वाजला. "खोटा अलार्म असेल" हे ठरवायचा अधिकार आपला नाही. हायड्रोजनला वास नाही आणि उन्हात त्याची ज्वाळा जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे आत जाऊन बघून येतो म्हणू नका.
- फुसफुस आवाज येतोय, कुठून ते कळत नाहीये.
- नॉझलचं तोंड आणि सील साफ करूनही लीक टेस्ट दुसऱ्यांदा फेल.
- नॉझल लावलेलं असतानाच गाडी पुढे गेली आणि ब्रेकअवे सुटला. परत जोडून चालू करायचं नाही, होजची तपासणी झाल्याशिवाय नाही.
- डायफ्राम कॉम्प्रेसरचा (पातळ पडद्याने गॅस दाबणाऱ्या कॉम्प्रेसरचा) डायफ्राम लीक अलार्म. पडद्याचा एक पापुद्रा फाटलाय, गॅसमध्ये तेल जायच्या बेतात आहे.
- एकापेक्षा जास्त गाड्या इथे भरून गेल्यावर पॉवर कमी पडते म्हणतायत. फ्युएल सेलला (गाडीत हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या भागाला) कार्बन मोनॉक्साइड ०.२ पीपीएमच्या (दहा लाखात ०.२ भागाच्या) वर आणि पाणी ५ पीपीएमच्या वर चालत नाही, आयएसओ १४६८७ या हायड्रोजनच्या शुद्धतेच्या मानकात हीच मर्यादा आहे. विक्री बंद, गॅसचा नमुना लॅबला.
- कोणीतरी इंटरलॉकला (धोका असला की मशीन थांबवणाऱ्या सर्किटला) जंपर मारून, म्हणजे वायर जोडून तो निकामी करून, ठेवलेला सापडला. त्याला शोधा नंतर, आधी मशीन बंद करा.

फोन करताना "बंद पडलंय, या" एवढंच सांगू नका. अलार्मचा कोड जसाच्या तसा, कितव्या सेकंदाला थांबलं, त्या वेळी नॉझलपाशी गॅसचं तापमान, तिन्ही बँकांचे दाब, सलग कितवी गाडी, बाहेरचं तापमान, आणि वरच्यातलं काय काय करून झालंय. आणि काही रिसेट केलं असेल तर तेही सांगा, लपवू नका, लॉगमध्ये दिसतंच.